कालचा बोंबील

१२ नोव्हेंबर. सकाळी ७.१०
आजपासून नोंद. बर्फाच्या कारखान्यातून रिटायर झालो तेव्हा मालकाने शाल, नारळ आणि सहा कोरी लॉगबुकं दिली. शाल लेकीने, योगिताने, स्कूटीच्या सीटवर टाकली, नारळ त्याच आठवड्यात कालवणात गेला. लॉगबुकं पडून होती. रकाने छापलेलेच आहेत: वेळ, तापमान, शेरा, तपासणाऱ्याची सही. तापमानाच्या जागी खाल्लेलं लिहायचं. बाकी सगळं तसंच चालेल. तपासणारा अर्थात मी. तेवीस वर्षं मीच होतो.

कारण, पोट. दोन-तीन महिने झाले, दोन घासांत भरतं. दिवसभर फुगलेलं, मळमळ, ढेकर. पुष्पा म्हणते डॉक्टरकडे चला. बायको तीस वर्षं तलासरीच्या बाजारात मासळी विकते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीची घाई असते. मी तिला समजावलं की मशीन कुरकुरलं तर आधी नोंद ठेवतात, मेकॅनिक नंतर. बहुतेक वेळा मेकॅनिक लागतच नाही.

संकल्प: रोज खाडीपर्यंत चालणे. गोड चहा बंद (लोकांच्या घरी नाही म्हणता येत नाही, तो धरायचा नाही). रोज चार घोलवडचे चिकू, सालीसकट, कारण फायबर. शुगरच्या गोळ्या वेळेवर. शुगर चौदा वर्षांची आहे, पण आमचं जमतं. मी तिच्याकडे लक्ष देत नाही, ती माझ्याकडे देत नाही.

१२ नोव्हेंबर. दुपारी १.००
बोंबलाचं कालवण, भात. तीन बोंबील खाल्ले आणि हात थांबला. दोस्त नारूच्या साखरपुड्याला मी एका बैठकीत सतरा खाल्ले होते, आमच्या झाई गावात अजून लोक सांगतात. आज तीन. म्हणजे संयम येतोय. संकल्पाचा परिणाम पहिल्याच दिवशी दिसला.
चालायला गेलो नाही, पोट जड होतं. पडलो.

१३ नोव्हेंबर. सकाळी ९.४०
उलटी. नोंद सविस्तर करतो, कारण गोष्ट गंभीर आहे. बाहेर पडलं ते बोंबील. कालचे. मी मासळीतला माणूस, ओळखण्यात चूक नाही. तुकडे जवळजवळ होते तसेच. वीस तास चाळीस मिनिटं.
मी बसून विचार केला. ताजा मासा पोटात गेला की जिरतो. जिरला नाही, परत आला, तर मासा ताजा नव्हता. कारखान्यातसुद्धा बर्फाची खराब लादी गिऱ्हाईक परत करायचं, चांगली लादी कोणी परत आणल्याचं आठवत नाही.
शेरा: मासा शिळा. सही केली.
मग लक्षात आलं. मासा पुष्पाच्या पाटीतला होता.

१४ नोव्हेंबर. सकाळी ६.००
पुष्पा अंघोळीला गेल्यावर पाटी तपासली. बोंबील गुलाबी, कडक. बोय माशाचे कल्ले लाल. डोळे चमकदार. पण बर्फात ठेवलं तर बरंच काही ताजं दिसतं, हे मला शिकवायला नको. पाटीत नाक घालून वास घेत होतो तेवढ्यात पुष्पा आली. काय करताय विचारलं. म्हटलं, वारा कुठून येतो ते बघतोय. ती पाटी उचलून सहाआसनी रिक्षात बसली आणि गेली.

१६ नोव्हेंबर. सकाळी ८.२५
काल दुपारची मांदेली. आज सकाळी हजर. एकोणीस तास. योगायोग दोनदा होत नाही.
पुष्पाने ओवा-पाणी दिलं, पाठ चोळली आणि परत म्हणाली, अवो डॉक्टरकडं चला ना, हा काय बरा नाय. तिच्या हातून पाठ चोळून घेताना तिच्या मालाबद्दल बोलणं मला पटलं नाही. आधी पुरावा पाहिजे. पुरावा म्हणजे तुलना. दुसरीकडचा मासा आणून खायचा. साधी शास्त्रीय पद्धत आहे.

१८ नोव्हेंबर. सकाळी १०.३०
तलासरीला गेलो. सोनूबाईकडून एक पापलेट घेतलं. सोनूबाई म्हणजे पुष्पाच्या समोर बसणारी. दोघी वीस वर्षं समोरासमोर बसतात, गणपतीत एकमेकींकडे जातात आणि बाजारात एकमेकींकडे बघत नाहीत.
गुप्तता पूर्ण पाळली. योगिताचं हेल्मेट घालून गेलो. सोनूबाई म्हणाली, या नविनभाई, आज इकडं कसे? बहुतेक आवाजावरून ओळखलं, मी फक्त "एक द्या" म्हटलं होतं. पुष्पा तिकडे गिऱ्हाइकात होती, तिने पाहिलं नाही. निदान मान वर केली नाही.

१९ नोव्हेंबर. सकाळी ९.००
सोनूबाईचं पापलेट परत. एकवीस तास. शेरा: हाही शिळा.
आता चित्र स्पष्ट होतंय. पुष्पाची चूक नाही! दोघींचाही मासा शिळा, म्हणजे दोष दोघींमध्ये जे समान आहे त्यात. बर्फ. मी रिटायर झालो आणि बर्फ बिघडला. मला हे आधी सुचायला हवं होतं. मनावरचं ओझं उतरलं. पुष्पाला सांगणार होतो, पण मग पापलेट कुठून आलं तेही सांगावं लागलं असतं.

२१ नोव्हेंबर. दुपारी १२.००
कारखान्यात गेलो. माझ्या जागी आता मनिष आहे. चांगला मुलगा, माझ्याच हाताखाली शिकला. मला खुर्ची दिली, तीन चमचे साखरेचा चहा दिला. लॉगबुक दाखवलं, टाकीचं तापमान दाखवलं. सगळं बरोबर. मी म्हटलं, आकडे बरोबर असू शकतात, पण बर्फाची वृत्ती बदललीये. तो म्हणाला, काका, तुमची तब्येत उतरलीये, पँट सैल झालीये. मी म्हटलं, विषय बदलू नकोस.
परत येताना पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं. तिसरं.

२३ नोव्हेंबर. सकाळी ७.३०
मासा पूर्ण बंद. कालपासून फक्त चिकू सालीसकट, काकडी, कोबी कच्चा. मोबाईलवर बघितलं, फायबर पोट झाडून काढतं.
शुगर तपासली: ६८! चौदा वर्षांत पहिल्यांदा. गोळी वेळेवर घेतली होती, वर जेवणही जेमतेम. हातापायांना कंप होता, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी. शुगर अंगातून निघून जाताना असं होत असणार. योगिताने धावत येऊन साखरपाणी पाजलं आणि ओरडली. डहाणूला मेडिकल स्टोअरमध्ये कामाला लागल्यापासून ती घरात सगळ्यांवर ओरडते. मी तिला सांगितलं की शुगर बरी झालीये, आनंद मान.

२३ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.००
शुगर ३०४. मशीन बिघडलं.

२४ नोव्हेंबर. सकाळी १०.१५
उलटी. चिकूची साल, काकडीच्या बिया. साल परवाची. बागेत काहीतरी फवारत असणार. मासा नाही, बर्फ नाही, आता चिकूही नाही. या भागात खाण्यासारखं काही उरलेलं नाही असा माझा निष्कर्ष होत चाललाय.

२७ नोव्हेंबर. संध्याकाळी ५.००
पुष्पाची पाटी अर्धी भरलेली परत आली. तीस वर्षांत पावसाळी वादळात आली असेल तेवढीच. ती अंगणात बसून उरलेला मासा सुकवायला कापत होती. मी विचारलं, आज बाजार मंदा होता का? ती म्हणाली, बाजार तेजीत होता. सोनूबाईची पाटी अकरा वाजता रिकामी झाली.
मग सुरी खाली ठेवून म्हणाली, सगळ्या बाजाराला ठावं हाय, पुष्पाचा नवरा पुष्पाचा मासा खात नाय. हेल्मेट घालून दुसरीकडून नेतो. लोकं विचारतात, तुमच्या घरात नाय चालत तो आम्हाला काय देता?
मी सांगितलं की ती तुलना होती. शास्त्रीय.
ती परत मासा कापू लागली.

२९ नोव्हेंबर. सकाळी ८.००
नारू आला होता. नारू तांडेल, शेजारी, दोस्त, लहानपणापासून. त्याच्या लेकीची, कल्पिताची, हळद १८ डिसेंबरला. हळदीच्या जेवणाचा मासा पुष्पाकडून घ्यायचं ठरलं होतं. आमच्या आळीतल्या प्रत्येक हळदीचा मासा पुष्पाच देते, तिच्या आधी तिची सासू, म्हणजे माझी आई द्यायची. नारू दारातच उभा राहिला, चहा नको म्हणाला. नवरीकडचं जेवण हाय, पाहुणे गुजरातेतून येणार, रिस्क नको. सोनूबाईला सांगितलंय. वाईट वाटून घेऊ नको.
पुष्पा म्हणाली, नाय घेत. आणि आत गेली. मी नारूला म्हटलं, मी असं कुठे म्हटलं होतं की मासा शिळा आहे? तो म्हणाला, तू म्हटला नाय, तू खाल्ला नाय.
त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. अर्धवट ऐकून बोलतो.

२ डिसेंबर. दुपारी २.००
पुष्पा तीन दिवस बोलत नाही. जेवण वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. मी दोनदा घसा खाकरला.
घरात शांतता आहे. पोटासाठी शांतता चांगली.

२ डिसेंबर. संध्याकाळी ७.००
योगिताने माझं वजन केलं. नऊ किलो कमी. तिने सांगितलं, उद्या डहाणूला डॉक्टरकडे, आणि हे विचारत नाही, सांगते. मी तयार झालो, कारण लॉगबुक डॉक्टरला दाखवायचंच होतं. कोणीतरी शिकलेल्या माणसाने पुरावा बघितलेला बरा.

३ डिसेंबर. दुपारी १२.३०
डॉक्टरचं नाव निलम मॅडम. वय योगिताएवढं. मी म्हटलं, मोठे डॉक्टर कधी येतात? म्हणाल्या, मीच. ठीक आहे.
लॉगबुक समोर ठेवलं आणि दोष कुठे कुठे आहे ते सांगितलं: मासा, बर्फ, चिकू. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. पानं उलटत राहिल्या, पेन्सिलीने वेळांखाली रेघा मारत राहिल्या. वीस तास चाळीस मिनिटं. एकोणीस. एकवीस. मला बरं वाटलं. इतक्या बारकाईने माझं लॉगबुक मालकानेही कधी वाचलं नव्हतं. शेवटी म्हणाल्या, काका, अशी नोंद पेशंट कधी आणत नाहीत, फार उपयोग झाला. मी योगिताकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.
आधी दुर्बीण घालणार. पोटात काही अडथळा आहे का बघायला. आदल्या संध्याकाळपासून उपाशी.

६ डिसेंबर. दुपारी १.००
दुर्बीण झाली. अडथळा नाही, जखम नाही. मी म्हटलं, सांगितलंच होतं, पोट ए-वन आहे. निलम मॅडमनी फोटो दाखवला. पोटात चिकूची साल होती. मी म्हटलं, काल संध्याकाळपासून पाणीसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, चिकू कधी खाल्ला? लॉगबुकात बघितलं. परवा सकाळी. चिकू बंद करणार होतो, पण वाया जात होते.
चिकूची साल चिवट असते. त्याचं विशेष नाही.

९ डिसेंबर. संध्याकाळी ५.००, सुरत
पोट किती वेगाने रिकामं होतं याची टेस्ट. दोन इडल्या खायला देतात, त्यात थोडं काहीतरी मिसळलेलं असतं, ते कॅमेऱ्यात दिसतं. मग चार तास मधून मधून फोटो. इडल्या माझ्यासमोर भांड्यातून काढल्या, वाफ येत होती. मी वास घेतला, बोट लावलं, सगळ्या बाजूंनी बघितल्या. टेक्निशियनने विचारलं, काय शोधताय काका? ताज्या होत्या. यात काही खोट काढता येणार नाही.
पडद्यावर माझं पोट दिसतं. त्यात इडली. एक तास, इडली. दोन तास, इडली. तीन तास, इडली, जरा खाली सरकल्यासारखी. चौथ्या तासाला टेक्निशियन आत जाऊन दुसऱ्याला घेऊन आला. योगिता म्हणाली, चार तासांनी शंभरातलं दहाच्या वर राहायला नको. माझं बावन्न राहिलं होतं.
परत येताना ट्रेनमध्ये शेऱ्याचा रकाना भरला. इडली ताजी होती.

१० डिसेंबर. सकाळी ११.३०
निलम मॅडमकडे. रोगाचं नाव गॅस्ट्रोपॅरेसिस. स्पेलिंग लिहून घेतलं. झाईत हा कोणालाच नाही, नारूला नुसती ॲसिडिटी आहे.
त्यांनी समजावलं. जेवण पोटात घुसळून पुढे आतड्यात ढकलायचं काम पोटाच्या स्नायूंचं. त्यांना हुकूम देणारी नस असते. वर्षानुवर्षं शुगर वाढलेली राहिली तर ती नस दुबळी होते. मग पोट जेवण घेतं पण पुढे सोडत नाही. म्हणून दोन घासांत भरतं. म्हणून कालचं आज परत येतं. म्हणून गोळी वेळेवर लागते आणि जेवण लागत नाही, आणि शुगर आधी पडते, मग उशिरा चढते. ६८ आणि ३०४ दोन्ही खरे होते. मशीन बरोबर होतं.
मी म्हटलं, म्हणजे कारखाना ठीक, मोटरची वायर जळाली. म्हणाल्या, बरंचसं तसंच. विचारलं, नवीन वायर किती दिवसांत? म्हणाल्या, काका, ही बदलता येत नाही. सांभाळून चालवायची. शुगर ताब्यात ठेवायची म्हणजे आहे ती तरी टिकेल.
मग यादी. तीन मोठी जेवणं नाहीत, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. मऊ, कुस्करलेलं, तेल कमी. औषध जेवणाआधी अर्धा तास. जेवून पडायचं नाही, चालायचं. चिकूची साल, कच्ची काकडी, कोबी, कच्चं कसलंही बंद. हे सगळं अशा पोटात गोळा होऊन बसतं. म्हणजे पोट साफ करायला मी जे जे आत टाकलं तेच अडकत होतं.
शेवटचा प्रश्न मी विचारला. मासा? म्हणाल्या, मासा उत्तम. मऊ मासा, वाफवलेला, काटे काढून. तुमच्याकडे बोंबील मिळतो ना ताजा? त्याच्यासारखं काही नाही.
मी लॉगबुक बंद केलं.

१० डिसेंबर. संध्याकाळी ६.४५
पुष्पाला योगिताने आजार सांगितला. पुष्पा लगेच उठली, भात मऊ शिजवला, कुस्करला, वाटीत दिला. पण बोलली नाही. आजाराचं कळलं तिला. माशाचं मी सांगायचं आहे. ते माझ्यावर आहे हे योगिताने दोनदा सांगितलं, एकदा पुरे होतं.
योग्य वेळ बघून सांगणार.

११ डिसेंबर
आज सांगणार होतो. वारा फार होता.

१२ डिसेंबर
सहा जेवणं म्हणजे दिवस त्यातच जातो. सांगायला वेळ कधी मिळणार?

१४ डिसेंबर. संध्याकाळी ७.००
विचार केला की आपोआप विसरतील लोक. लोकांना दुसरे विषय असतात. संध्याकाळी खाडीवर चालताना हिरूने बोटीवरून हाक मारून विचारलं, काय नविनभाई, आज कोणाचा मासा?

१६ डिसेंबर. संध्याकाळी ५.३०
योगिता आज आईबरोबर बाजारात गेली होती, सुट्टी होती. आल्यावर माझ्यासमोर बसली. ओरडली नाही. म्हणाली, पप्पा, मम्मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला कल्ला उघडून दाखवते. विचारायच्या आधी. एकेक मासा उचलून.
तीस वर्षांत पुष्पाला कल्ला उघडावा लागला नाही. दुसऱ्या बायका उघडतात, ती नाही. लोक तिच्याकडे बघायचे, माशाकडे नाही. वाटा पिशवीत टाका म्हणायचे आणि जायचे. तिला त्याचा किती अभिमान होता ते मला ठाऊक आहे, कारण तिने कधी बोलून दाखवला नाही.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं कळत नाही म्हणून खाली लिहिलं.
उद्या बाजारात जाऊन जाहीर सांगणार. वारा असला तरी.

१७ डिसेंबर. सकाळी ७.००
भाषण तयार. तीन पानं. पुराव्यानिशी, तारीख आणि वेळेसह, म्हणजे कोणाला शंका राहणार नाही. स्वच्छ शर्ट. हेल्मेट नाही.

१७ डिसेंबर. दुपारी १.३०
जसं झालं तसं लिहितो.
साडेदहाला बाजार भरलेला. पुष्पाच्या शेजारी रिकामं क्रेट उलटं करून त्यावर उभा राहिलो. पुष्पाने वर बघितलं, अठरा दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं, आणि म्हणाली, खाली उतरा. मी म्हटलं, नागरिकहो. लोक जमले, चांगले वीस-पंचवीस. मी लॉगबुक उघडलं आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. १३ नोव्हेंबर, सकाळी नऊ चाळीस, उलटी. बोंबलाचे तुकडे कसे होते ते वाचलं, कारण मुद्दा तिथेच होता. मग मांदेलीवर आलो. मग रंगावर.
मान वर केली तेव्हा समोर तिघे होते. त्यातली एक तोंडाला पदर लावलेली बाई. पुष्पासमोर मांडलेले बोंबलाचे वाटे तसेच, आणि तिच्याकडून घेतलेला एक वाटा एका माणसाने परत आणून ठेवला होता. मी म्हटलं, थांबा, निष्कर्ष शेवटच्या पानावर आहे.
पुष्पाने हात धरून मला उतरवलं आणि क्रेटवर बसवलं. लॉगबुक घेतलं. ती चौथी शिकलीये, बोट ठेवून सावकाश वाचते. उभ्याने तिने पानं उलटली. १९ नोव्हेंबरपाशी थांबली. तिथे सोनूबाईचं पापलेट होतं, शेरा शिळा, खाली माझी सही. सोनूबाई समोरून सगळं बघत होती. पुष्पाने ते पान वाचलं, दोनदा वाचलं असावं, आणि उलटलं. कोणाला काही बोलली नाही.
मग तिने आवाज काढला. तिचा बाजारातला आवाज पलीकडच्या भाजीवाल्यांपर्यंत जातो.
ऐका सगळ्यांनी. मासा ताजाच होता. माझाही आणि दुसरीचाही. याचा पोट खाल्लेलं दिवसभर धरून ठेवतो, पुढं सोडत नाय. शुगरनं झालाय. सुरतेला फोटो काढलाय, पाहिजे तर दाखवते. आजारी माणूस हाय, त्याला कळला नाय, आणि कळला तेव्हा सांगायला सहा दिवस लावले.
सात दिवस होते. मी दुरुस्ती केली नाही.
मग सोनूबाई हसायला लागली, आणि मग सगळा बाजार. मीही हसलो असतो, पण माझं अकरा वाजताचं खाणं राहिलं होतं आणि चक्कर येत होती. सोनूबाईनेच तिच्या डब्यातला मऊ भात दिला.
माझं भाषण तीन पानांचं होतं. तिचं अर्ध्या मिनिटाचं. मुद्दे तेच होते.

१७ डिसेंबर. संध्याकाळी ६.००
नारू आला. दारात नाही, आत आला. म्हणाला, वैनी, उद्याच्या हळदीचा मासा. सोनूबाईच म्हणाली पुष्पाला विचार म्हणून, अर्धा ती देते, अर्धा तू दे. पुष्पाने पाटीतला एक मोठा बोय काढला, नारूच्या हातात दिला आणि म्हणाली, आधी कल्ला उघडून बघ. नारू नको नको म्हणाला. ती म्हणाली, बघ. त्याने उघडला. बघितला. मान खाली घालून म्हणाला, लाल हाय वैनी. मग तिने चहा ठेवला.
मला बिनसाखरेचा. माझ्याशी अजून बोलली नाही, पण कप माझ्यापुढे जरा जोरात ठेवला, आणि ते बोलण्याच्या बरंच जवळ आहे.

२० डिसेंबर. सकाळी ११.१५, तलासरी बाजार
ही नोंद क्रेटवर बसून. पुष्पाची अट अशी: ज्यांनी ज्यांनी ऐकलंय त्यांनी बघायलाही पाहिजे. दहा ते एक मी इथे तिच्या शेजारी बसायचं. तिने मला अट सांगितली, म्हणजे बोलली. सकाळी सहा वाजता. मी वेळ लिहून ठेवली.
अकराला वाफवलेला बोंबील, काटे काढून, मऊ भातात कुस्करून. सहा चमचे. सगळ्या बाजारासमोर, पुष्पाच्या हातून, कारण मी स्वतः घेतलं तर जास्त घेतो. खाऊन झालं की भाजीबाजारापर्यंत दोन फेऱ्या, आणि परत क्रेटवर. झरी गावच्या दोन बायका आल्या. माझ्याकडे न बघता पुष्पाला विचारलं, आज चालला का याला? पुष्पा म्हणाली, आत्ताच खाल्लाय. एकीने दोन वाटे घेतले. दुसरी म्हणाली, मी तासभर थांबते, बघते परत येतो का. पुष्पाने तिला बसायला स्टूल दिलं.

२० डिसेंबर. दुपारी १२.१०
बोंबील आत आहे. झरीच्या बाई उठल्या, तीन वाटे घेतले, मला म्हणाल्या, शाबास.
लॉगबुक भरलं. वेळ, खाल्लेलं, शेरा: मासा ताजा. सहीसाठी पेन उघडलं तर पुष्पाने ओला हात पुढे केला. मी म्हटलं, तपासणारा मी आहे, तेवीस वर्षं. तिने हात मागे घेतला नाही. मी पेन दिलं. ती आधी मागे गेली, १३ नोव्हेंबरवर. माझी सही खोडली नाही. तिच्या शेजारी सावकाश लिहिलं, पुष्पा. मग १६ नोव्हेंबर. मग १९, सोनूबाईचं पान, तिथेही. मग आजचं. चारही सह्या ओल्या आहेत, पानाला बोंबलाचा वास आहे.
पेन तिने पाटीच्या कडेला खोचलं. परत मागितलं, दिलं नाही; तपासणारी आता ती. हे योगिताच्या पेन्सिलीने लिहितोय.